थोरली, डबी आणि ओढ्याचा चढ

पत्र्याच्या शेडमध्ये गाडी एकच मावत होती आणि आमच्याकडे गाड्या दोन झाल्या होत्या. भांडणाला एवढं पुरतं. माझी बदली राणीसावरगावजवळच्या शाळेवर झाली होती. नवऱ्याची नोकरी लातूरला, मुलं शिकायला बाहेर, म्हणून मी बाडबिस्तरा घेऊन आईबाबांकडे राहायला आले आणि सोबत माझी लाल गाडी आणली. शेडमध्ये बाबांची पांढरी आधीपासून उभी होती. माझी राहिली बाहेर, कडुनिंबाखाली. महिन्याभरात पक्ष्यांनी तिची अशी काही दशा केली की तिचा मूळ रंग सांगायला आरसी बुकच काढावं लागलं असतं.

बाबा सरकारी ड्रायव्हर होते. तीस वर्षं त्यांनी साहेब लोकांना घेऊन जिल्हा पालथा घातला, जिंतूरच्या टोकापासून गंगाखेडच्या डोंगरापर्यंत. पांढरी गाडी त्यांच्याच ऑफिसातली. गोल नाकाची, सोफ्यासारख्या सीटची, स्टेअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. एके काळी ती गावात शिरली की तलाठ्याच्या घशाला कोरड पडायची. ऑफिसनं ती निकाली काढली तेव्हा बाबाही निवृत्तीला आले होते. लिलावात त्यांनीच ती घेतली आणि चालवत घरी आणली. घरात तिचं नाव थोरली. माझी गाडी म्हणजे देशातल्या निम्म्या मास्तर-कारकुनांनी जिच्यात आयुष्यातला पहिला क्लच दाबला ती चिमुकली. मी ती जुनीच घेतली होती, तिलाही आता सोळा-सतरा वर्षं झाली असतील. बाबांनी तिला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, डबी. तिला त्यांनी कधी हात लावला नाही.

थोरलीचं पासिंग दोन महिन्यांत संपणार होतं. पुन्हा पासिंग करायचं तर रंगापासून ब्रेकपर्यंत सगळं नीट करायला हवं होतं. आईनं तेच निमित्त धरलं. "दोन म्हशी परवडल्या, पर दोन गाड्या न्हाई. एकीला दावणीवरून सोडा," हे तिचं पालुपद चहाबरोबर सुरू व्हायचं आणि जेवणानंतरच थांबायचं.

खरं सांगायचं तर मला शेडशी काही देणंघेणं नव्हतं. मला थोरलीच घरातून जायला हवी होती. बाबांना चौऱ्याहत्तरावं लागलेलं, डावा गुडघा कुरकुरणारा, आणि थोरलीचा क्लच असा की दाबताना माझासुद्धा जीव वर यावा. मागच्या दिवाळीत गंगाखेडहून येताना त्यांचा पाय क्लचवरच आखडला. त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, गाडी कडेला लावली आणि तासभर झाडाखाली बसून राहिले. हे त्यांनी सांगितलं नाही, एसटीतून जाणाऱ्या माझ्या सहकाऱ्यानं सांगितलं. तेव्हापासून ते बाहेर गेले की माझा जीव टांगणीला. आणि मला हेही पक्कं ठाऊक होतं की डबी ते चालवणार नाहीत. थोरली गेली की बाबांचं ड्रायव्हर असणं संपणार होतं. तरीही मला ती जायला हवी होती. मी तशीच आहे, एकदा मनात घेतलं की मागे हटत नाही. वर्गातली पोरं मला उगाच घाबरत नाहीत.

एके दिवशी जेवताना माझा पारा चढला. "बाबा, एकदा काय ते ठरवा. नाहीतर मीच गिऱ्हाईक आणते."

बाबांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "असं कसं ठरवायचं? दोघींची परीक्षा घेऊ. जी जिंकंल ती ऱ्हाईल, जी हरंल ती जाईल. इंजन बघू, हातात कशी ऱ्हाती ते बघू, आन ताकद चाकाला कशी पोचती ते बघू. तीन पेपर."

"आणि परीक्षक कोण? तुम्हीच? म्हणजे आपला तो बाब्या!"

"तीस वर्षं सायेब मागं निवांत झोपायचे माय, ते काय गाडीच्या भरवशावर?" एवढंच बोलून त्यांनी पुन्हा भाकरी मोडली.

आमच्याकडे बाप लेकीला माय म्हणतो. ते ऐकलं की माझा राग निम्मा होतो, आणि हे बाबांना चांगलं ठाऊक आहे.

रविवारी सकाळी बाबांनी दोन्ही बॉनेटं उघडली. थोरलीचं इंजिन उभं बसवलेलं, चार सिलिंडरचं डिझेल, आणि आजूबाजूला इतकी मोकळी जागा की एखादं कोकरू बांधता आलं असतं. डबीचं आडवं, तीन सिलिंडरचं, पेट्रोलचं. सगळं कोंबून भरलेलं, मधे बोट घालायला जागा नाही. बाबा बराच वेळ डबीत डोकावून बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा येणार.

त्यांनी हत्यारांच्या पेटीतून हातभर लांबीचा पेचकस काढला. मला डबी सुरू करायला लावली. पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर नळी लावतात तसं टोक ते इथून तिथं सरकवत होते. मग त्यांनी मला खाली बोलावलं. "ऐक."

मी कान लावला. आधी नुसता गोंगाट. मग बाबांनी माझा हात धरून टोक बोटभर वर नेलं आणि गोंगाट एकदम बाजूला झाला. बारीक टिकटिक ऐकू आली, एका लयीत, न चुकता. "ते व्हॉल्व." टोक खाली आलं. आता एक खोल, गोल घुमणारा आवाज. "बेरिंग. बरं हाय अजून." आणखी बाजूला सरकलं आणि ओलसर खळखळ. "पान्याचा पंप. ह्यो वरीसभर काढंल, मग बदल." मी तशीच वाकून उभी राहिले. इतकी वर्षं मी ही गाडी रोज चालवली होती. चावी फिरवायची, एसटीला ओव्हरटेक करायचं, हॉर्न वाजवायचा, एवढीच माझी तिच्याशी ओळख. तिच्या पोटात इतकं काही, इतक्या शिस्तीत, मिनिटाला शेकडो वेळा घडत असतं आणि मी वर बसून रेडिओ ऐकत असते, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. आणि हे सगळं एका लोखंडी काडीतून वाचणारा माणूस माझ्याच घरात रोज दात कोरत ओट्यावर बसतो!

"तीनच हायेत," बाबा डबीच्या इंजिनाकडे बघत म्हणाले, "पर कामचुकार एक बी न्हाई." टोमणा आलाच नाही.

मग त्यांनी पहिला पेपर घेतला. गावच्या कमानीपासून माझ्या शाळेपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट आहे, जरासाच चढ. अट अशी की तिसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि ॲक्सिलरेटरला पायच लावायचा नाही. थोरली बाबांनी चालवली. ती बैलगाडीच्या चालीनं, गुरगुरत, कुठंही न अडखळता शाळेच्या फाटकापर्यंत गेली. मी बाजूनं चालत होते, अक्षरशः चालत. नुसत्या इंजिनाच्या वजनदार फिरण्यावर एवढं मोठं धूड सरकत होतं. मग मी डबी घेतली. वीस पावलं गेली, थरथरली, दोन गचके दिले आणि मारुतीच्या पारासमोर बंद पडली. पारावरची माणसं हसली. मी काच वर केली.

"तिला पळायला आवडतं, ढकलायला न्हाई," बाबा म्हणाले. "स्वभाव हाय. पर मार्क थोरलीला."

दुसरा पेपर पुढच्या रविवारी, गाडी हातात कशी राहते त्याचा. यात आईलाही घेतलं. तिनं मागच्या सीटवर मांडीत तांब्या धरून बसायचं, तांब्या काठोकाठ भरलेला. डोंगरातला वळणाचा रस्ता, जाताना थोरली, येताना डबी. डबी मी आदल्या संध्याकाळीच घाटापलीकडे ओळखीच्या घरी नेऊन ठेवली होती आणि एसटीनं परत आले होते; थोरली तिथं ठेवून बाबा दुसऱ्या दिवशी घरी आणणार होते.

थोरलीला खड्डे कळतच नाहीत. मागं कमानपाटे, वर जाड सीट. ती खड्ड्यावरून होडीसारखी वर-खाली होते, आत बसलेल्याला झोप येते. पण वळण आलं की सगळं धूड एका अंगाला कलतं. बाबांना वळणाच्या बऱ्याच आधी स्टेअरिंग फिरवायला सुरुवात करावी लागायची, आणि दोन्ही हातांनी. मी शेजारी बसून त्यांच्या मनगटांकडे बघत होते. त्या गाडीला हुकूम देऊन चालत नाही, आधी कळवावं लागतं. ते कळवत होते आणि ती ऐकत होती. चौथ्या वळणावर मागून आई ओरडली, "अवो, कूस भिजली माझी!"

येताना मी डबी काढली. खड्ड्यावर ती दगड लागल्यासारखी आदळायची. आईनं पहिल्याच खड्ड्याला पदर भिजवून घेतला आणि माझ्या शाळेचा, शिक्षणाचा आणि ड्रायव्हिंगचा उद्धार केला. वळणावर मात्र डबी सपाट राहायची. मी जिकडे बघेन तिकडे तिचं नाक जायचं. उताराच्या शेवटच्या वळणामागं शेळ्यांचा कळप रस्त्यात पसरला होता. विचार करायला वेळच नव्हता. मी ब्रेक लावला, डावीकडं घेतली, पुन्हा उजवीकडं, आणि दोन शेळ्यांच्या मधून, एका करडाला वळसा घालून आम्ही पलीकडं निघून थांबलो. तांब्यात पाण्याचा थेंब राहिला नव्हता.

आईनं रिकामा तांब्या दाखवला. "हिच्यात जास्त सांडलं. थोरली जिंकली. लिवा."

बाबा मागं वळून शेळ्यांकडं बघत होते. "पानी सांडू दे," ते म्हणाले. "मी थोरलीत असतो तर आज एक तरी शेळी गेली असती. ब्रेक लागंस्तवर ती कळपात गेली असती. मार्क डबीला."

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आईचा निकाल त्यांच्याच बाजूचा होता, तो ते मुकाट्यानं घेऊ शकले असते. मला त्या क्षणी त्यांच्याकडे नीट बघवेना, कारण मी मनातल्या मनात वाद घालायची तयारी करत होते आणि वाद उरलाच नव्हता.

एकेक गुण झाला. राहिला तिसरा पेपर, ताकद चाकाला कशी पोचते त्याचा.

आमच्या शेताकडं जाताना ओढा लागतो. ओढ्यातून वर आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या आमच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत, साठ-सत्तर पावलांचा चढ आहे. माती काळी. कोरडी असली तर दगड, भिजली तर लोणी. हरभऱ्याला पाणी चालू होतं. बाबांनी पहाटेच जाऊन स्प्रिंकलरची एक नळी शेतातून उचलून त्या चढावर लावली आणि दोन तास फिरत ठेवली. पेपर काढणाऱ्यानं कसा काढावा तर असा! मी इतकी वर्षं पोरांचे पेपर काढते, पण स्वतःच्या लेकरासाठी इतका अवघड पेपर मी काढला नसता.

शेजारच्या आखाड्याचे काका, बाबांचे चुलतभाऊ, ट्रॅक्टर घेऊन आले होते. गाडी फसली तर ओढायला, असं म्हणत होते, पण आले होते गंमत बघायला.

आमच्याकडे काळ्या मातीत गाडी घालायची तर एक रीत आहे. डिकीत वजन टाकायचं. पोती असतील तर पोती, नसतील तर माणसं. मागं वजन असलं की मागची चाकं माती धरतात. लग्नाच्या गाडीत डिकीवर दोन पोरं बसवून चिखल पार केल्याच्या कथा प्रत्येक घरात आहेत. त्या रीतीनं बाबांनी थोरलीच्या डिकीत गव्हाची दोन पोती टाकली. "डबीला बी तीच दोन पोती. दोघींना सारखंच," ते म्हणाले.

थोरलीची ताकद मागच्या चाकांना जाते. इंजिन पुढं, तिथून एक लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागं जातो आणि मागची चाकं फिरवतो. बाबांनी इंजिन सुरू केलं, दुसरा गिअर टाकला. मी त्यांच्या डाव्या पायाकडं बघत होते. क्लच सुटला तेव्हा त्यांचा जबडा आवळला. गाडी ओढ्यातून निघाली.

ते दृश्य मी विसरणार नाही. त्यांनी वेग वाढवला नाही, कमी केला नाही. अर्ध्यावर गाडीची मागची बाजू सापासारखी डावीकडं सरकली. मी "बाबा!" म्हणून ओरडले. त्यांनी स्टेअरिंग तिच्याच बाजूला जरासं सैल सोडलं, ती सावरली. मग उजवीकडं सरकली, पुन्हा तेच. इंजिनाचा आवाज एका सुरात, चिखल मागं उडतोय, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस टेकून बसावं तसा बसलेला, जणू मागं साहेब झोपलेत आणि त्यांची झोप मोडायची नाही. थोरली वर पोचली. काकांनी टोपी उडवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ही गाडी घरातून गेली पाहिजे असं मी कोणत्या तोंडानं म्हणत होते?

तिथंच माझं मत फिरलं. थोरली राहावी, शेड वाढवू, क्लचचं काहीतरी करू, पण या माणसाच्या हातून ही गाडी काढून घ्यायची नाही. आणि सुदैवानं मला काही करायचंही नव्हतं, कारण डबीला तो चढ झेपणार नव्हता हे उघड दिसत होतं.

पोती डबीत आली. डबी बिचारी मागं दबली, नाक वर. तिची ताकद पुढच्या चाकांना जाते. मी पहिला गिअर टाकून निघाले. दहा-बारा पावलं गेले असेन, तोच इंजिनाचा आवाज एकदम चढला, चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि स्टेअरिंग हातात असं हलकं झालं की ते कशाला जोडलंय की नाही अशी शंका यावी. गाडी मागं घसरत ओढ्यात आली.

"मागं वजन कमी पडलं!" काका ओरडले आणि स्वतःच येऊन डिकीच्या काठावर बसले. दुसऱ्यांदा डबी आठ पावलं गेली. तिसऱ्यांदा पाच. काका चिखलानं माखले. आम्ही सगळे हसत सुटलो. माझं हसू तर सुटकेचं होतं. "झालं!" काका म्हणाले, "दादा, जिंकलास गड्या. चल, चहा ठिव."

बाबा हसत नव्हते. गुडघा धरून ते हळूच उकिडवे बसले आणि डबीच्या चाकांचे वण बघायला लागले. पुढच्या चाकांनी माती नुसती चाटली होती, गुळगुळीत. मागच्या चाकांनी खोल चाकोरी पाडली होती. त्यांनी दोन्हीत बोट घालून बघितलं. पुन्हा बघितलं. मग मान वर करून मला विचारलं, "ही वडती कशानं?"

"पुढच्या चाकांनी."

"आन आमी वजन कुठं टाकलं?"

काका कपड्यांवरचा चिखल झटकायचे थांबले.

"जल्मभर मागच्या चाकाच्या गाड्या हाकल्या," बाबा म्हणाले. "डोक्यात एकच बसलंय. मागं वजन, मागं वजन. सारखंच द्यायचं म्हनून दोघींना सारखं दिलं आन हिचं नाक उचलून धरलं. आन चढावर तर गाडी आपसूकच मागं बसती." ते उठले. चढाकडं बघितलं, डबीकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मला नीट सांगता येत नाही. एखादं अवघड गणित सुटलेल्या पोराचा चेहरा तसा होतो, तेवढंच सांगते. "पोती काढा. माय, गाडी उलटी लाव. तोंड वढ्याकडं. रिव्हर्समधी चढीव. म्हंजे वजन पुढल्या चाकावर येतंय."

"अरे दादा, सोड की!" काका खरंच वैतागले. "जिंकलास की तू! कशाला उकरून काढायलास?"

"ह्याला जिंकनं म्हनत न्हाईत. पेपर चुकीचा होता."

मी गाडी उलटी लावताना माझा मेंदू सुन्न झाला होता. ज्या गाडीचं स्टेअरिंग त्यांनी कधी हातात धरलं नाही, तिचा स्वभाव त्यांनी चिखलातल्या दोन वणांवरून ओळखला होता. गप्प बसले असते तर थोरली त्यांची होती. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द न बोलण्याचंच काम होतं.

मी रिव्हर्स टाकला. मान वळवून मागच्या काचेतून आखाड्याकडं बघत निघाले. आणि डबी चढायला लागली. पुढची चाकं माती कराकरा धरत होती, स्टेअरिंगला पुन्हा वजन आलं होतं. वीस पावलं, तीस पावलं. बाबांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आणखी तीस पावलं की संपलं. मी एकदा पुढं बघितलं. खाली ओढ्याजवळ बाबा उभे होते, दोन्ही हात हलवून मला खुणा करत, थोडं डावीकडं, आता सरळ.

मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

डबीनं आचका दिला, बंद पडली, आणि सरकत सरकत खाली आली. मी काच खाली करून म्हटलं, "घसरली बाबा. नाही जमत हिला." आवाज शक्य तितका साधा ठेवला होता. पोरांचं खोटं पकडण्यात माझी हयात गेली, मला वाटलं खोटं बोलायचं कसं हे तरी मला येत असेल.

बाबा खिडकीपाशी आले. काकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले. "चाक घसरलं की आवाज चढतो माय. ह्यो उतरला."

मी स्टेअरिंगकडं बघत राहिले.

"पुन्यांदा," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा मी पाय काढला नाही. डबी एका दमात चढली, चिखल उडवत, रडत-ओरडत, पण चढली, आणि वर थोरलीच्या शेजारी जाऊन थांबली. खाली बाबा अजून हात वर करून उभे होते. मग ते एकेक पाऊल टाकत, गुडघ्यावर हात देत, चढ चढून आले. दम लागला होता. त्यांनी दोन्ही गाड्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "दोन मार्क डबीला. एक थोरलीला. निकाल लागला."

मी रडायलाच लागले. म्हटलं, "बाबा, मला नको हा निकाल. शेड वाढवू. दोन्ही ठेवू."

"शाळंत असंच करतीस का? पेपर झाल्यावर?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं.

पंधरा दिवसांनी जिंतूरकडचा एक माणूस थोरली बघायला आला. त्याला जुन्या गाड्यांचा शौक होता, स्वतःच दुरुस्त करून जपायचा. बाबांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि थोरलीच्या सगळ्या खोडी सांगायला सुरुवात केली. वळणाच्या आधी कळवावं लागतं. थंडीत चालू करायच्या आधी इंजिनाच्या हीटरला नीट वेळ दे. डाव्या मागल्या ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक दोन मैल झोपतो. मलासुद्धा माहीत नसलेल्या गोष्टी त्यांनी सांगितल्या. एकही लपवली नाही. त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एवढं ऐकूनही तो गाडीभोवती फिरत होता, बॉनेटवरून हात फिरवत होता.

"काका," तो शेवटी म्हणाला, "एवढी जीव लावून ठिवलीय. मंग इकायला का?"

"परीक्षेत हरली."

"कुनाबरं?"

बाबांनी माझ्याकडं बोट केलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

"माझ्या पोरीनं हरवली," ते म्हणाले. आणि मग, त्या परक्या माणसाला अभिमानानं सांगावं तसं, "एकदम इमानदारीनं."

मी ट्रे खाली ठेवला. बाबा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नजरेतही नव्हता. ते खरंच तसं मानत होते, दुसऱ्यांदा मी पाय काढला नव्हता म्हणून. मी तिथं फार वेळ उभी राहू शकले नाही. आत जाऊन भांडी घासायला बसले, आणि थोरली सुरू झाल्याचा, गिअर पडल्याचा, ती वेशीवरून जिंतूरच्या वाटेला लागल्याचा आवाज मी तिथूनच ऐकला.